टेलिफोटो झूम लेन्स: हातात धरण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

नवी टेलिफोटो झूम घरी आली की पहिल्याच आठवड्यात बहुतेकांच्या मनात एक शंका येते: आपल्याला खराब पीस मिळाला की काय? फोटो शार्प येत नाहीत, फोकस पुढेमागे धावत राहतो, पक्षी चौकटीत सापडेपर्यंत उडून जातो आणि संध्याकाळी मनगट दुखतं. बहुतेक वेळा लेन्स अगदी व्यवस्थित असते. ती वापरायची रीतच कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ पेक्षा वेगळी आहे, आणि ते दुकानात कोणी सांगत नाही.

हा लेख ज्यांनी नुकतीच ७०-३००, १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची लेन्स घेतली आहे किंवा घ्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी. उदाहरणं मुख्यतः १५०-६०० ची देतो, कारण सिग्मा आणि टॅमरॉनच्या या लेन्स आपल्याकडे पक्षी आणि वन्यजीव टिपणाऱ्यांच्या हातात भरपूर दिसतात आणि नवख्याला सगळ्यात जास्त त्रासही त्याच देतात. लहान लेन्सना हेच नियम लागू, फक्त जरा सौम्यपणे.

आधी थोडा हिशोब

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमीला दिसणारा कोन जेमतेम साडेतीन अंशांचा असतो. दहा मीटरवरच्या वस्तूची फक्त साठ सेंटिमीटर रुंदी चौकटीत येते. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर चाळीस. एफ/६.३ वर, म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं असताना, त्याच दहा मीटरवर फुल फ्रेममध्ये शार्प दिसणारी खोली दहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे राखी बगळ्याच्या डोळ्यावर फोकस असेल तर मागची शेपटी धूसर येणारच. त्यात लेन्सचा दोष नाही.

आता उलट बाजू बघा. शंभर मीटरवर वीस सेंटिमीटरचा पक्षी बसला आहे. तिथे चौकटीची रुंदी सहा मीटर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० पिक्सेल रुंद. त्या पक्ष्याच्या वाट्याला आले २०० पिक्सेल. यातून पिसांचा तपशील काढणं कुठल्याच लेन्सला जमणार नाही. ६०० मिमी हातात आली की लांबचं सगळं टिपता येईल असं वाटतं, पण या लेन्सचं खरं काम दहा ते चाळीस मीटरच्या आत होतं. त्यापलीकडे मिळते ती पक्ष्याची नोंद. हे एकदा पटलं की अर्धे प्रश्न सुटतात, कारण मग माणूस झूम रिंग पिळत बसण्याऐवजी जवळ कसं जाता येईल किंवा पक्षी आपल्याकडे कधी येईल याचा विचार करायला लागतो.

बटणं ओळखून घ्या

बाहेर पडण्याआधी घरीच सोफ्यावर बसून लेन्सच्या अंगावरची सगळी बटणं एकदा हाताळा. अंधारातही बोट बरोबर पडलं पाहिजे.

एएफ-एमएफ (फोकस आपोआप की हाताने) हे सगळ्यांना माहीत असतं, पण बॅगेतून काढताना ते चुकून एमएफवर सरकतं. फोकस होत नसेल तर आधी तिथे बघा.

त्याच्या शेजारी फोकस लिमिटर असतो. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीवर तीन पर्याय आहेत: पूर्ण पल्ला, दहा मीटरपासून अनंतापर्यंत, आणि २.८ ते १० मीटर. उडत्या पक्ष्यांसाठी तो दहा मीटर-अनंतवर ठेवा. फोकस एकदा सुटला की लेन्स सगळा पल्ला धुंडाळत बसत नाही, चटकन परत येते. मात्र याच बटणामुळे नंतर घोटाळा होतो. सहा मीटरवर खंड्या येऊन बसतो, फोकस काही केल्या लागत नाही, आणि मालक लेन्सला शिव्या देत असतो.

तिसरं बटण स्टॅबिलायझेशनचं, म्हणजे हाताची थरथर रोखायचं. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. मोड १ हा रोजचा. मोड २ बहुतेक लेन्सवर पॅनिंगसाठी असतो, म्हणजे पक्षी आडवा उडतोय आणि आपण त्याच्याबरोबर लेन्स फिरवतोय तेव्हाचा. प्रत्येक कंपनी मोडचे अर्थ थोडे वेगळे ठेवते, त्यामुळे माहितीपुस्तिकेचं ते एक पान तरी वाचाच. शटर बटण अर्धं दाबल्यावर स्टॅबिलायझेशन स्थिरावायला क्षणभर लागतो. दाबलं आणि लगेच फोटो काढला, असं करू नका. चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये शांत झालं की मग पूर्ण दाबा.

लेन्स हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली तर घाबरू नका, स्टॅबिलायझरचा काचगट मोकळा असतो. लेन्स काढताना मात्र आधी कॅमेरा बंद करायचा आणि मगच फिरवायची.

शेवटचं, झूम लॉक. बाहेर सरकणाऱ्या लेन्सची नळी तोंड खाली केल्यावर वजनाने आपोआप घसरते. गळ्यात किंवा खांद्यावर घेऊन चालताना लॉक लावून ठेवा. सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० झूम करताना लांब होत नाहीत, सगळी हालचाल आतल्या आत होते. त्यांना हा त्रास नाही.

धरायची कशी

सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीचं वजन १,९३० ग्रॅम. टॅमरॉनची जी२ दोन किलोंच्या आसपास. त्यात कॅमेरा धरला की पावणेतीन किलो. एवढं वजन कॅमेऱ्याच्या ग्रिपला धरून उचललं तर सगळा भार माउंटवर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या जोडावर, येतो. म्हणून नियम असा की लेन्स धरायची, कॅमेरा तिच्या मागे आपोआप येतो. पट्टाही कॅमेऱ्याच्या कड्यांना न लावता लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीचं कडं) किंवा फूटला (कॉलरचा ट्रायपॉडवर बसणारा पाय) लावा.

उभं राहून फोटो काढताना डावा तळहात लेन्सखाली, जितका पुढे आरामात जाईल तितका. कॉलरचा फूट वर फिरवून ठेवला तर खालची बाजू गुळगुळीत मिळते आणि वरचा फूट चालताना मूठ म्हणून वापरता येतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. एक पाय थोडा पुढे. व्ह्यूफाइंडर भुवईला घट्ट टेकवा. मागच्या स्क्रीनकडे बघत हात लांब करून ६०० मिमी धरणं म्हणजे हललेल्या फोटोची हमी. श्वास अर्धा सोडून तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. बर्स्टमधला पहिला फोटो बोटाच्या दाबाने हलतो, दुसरा-तिसरा बहुधा चांगला निघतो.

पक्षी चौकटीत सापडत नाही, ही नवख्यांची सगळ्यात मोठी तक्रार. उपाय दोन. आधी झूम २०० वर आणा, पक्षी शोधा, फोकस लावा आणि मग ६०० कडे जा. दुसरा उपाय सवयीचा आहे: नजर पक्ष्यावरून न हटवता लेन्स डोळ्यासमोर आणायची. खाली कॅमेऱ्याकडे बघून मग वर शोधायला गेलात की संपलं.

आधारांपैकी एका पायाचा मोनोपॉड मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ट्रायपॉड पाणथळ जागी एका ठिकाणी तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी. त्यावर साधं बॉल हेड लावून दोन किलोची लेन्स ठेवू नका. नॉब जरा सैल झाला की लेन्स एका बाजूला कोसळते, बोट चिमटतं आणि कधी ट्रायपॉडच आडवा होतो. लेन्स पाळण्यासारखी तोलून धरणारं गिंबल हेड घ्या, आणि त्यावर लेन्स पुढेमागे सरकवून असा समतोल साधा की हात सोडल्यावर ती आहे तिथेच थांबेल. पक्क्या कसलेल्या ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवावं, सैल गिंबलवर चालू ठेवलं तरी चालतं. कॉलर उभ्या-आडव्या चौकटीसाठी सैल केली तर पुन्हा कसायला विसरू नका.

सेटिंग

जुना नियम असा की शटर स्पीड किमान एक भागिले फोकल लेंग्थ. ६०० ला १/६००, आणि क्रॉप सेन्सरवर दीडपट, म्हणजे १/९००. स्टॅबिलायझेशनमुळे यापेक्षा बरंच खाली जाता येतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर रोखतं. पक्ष्याची मान हलली तर ती हललेलीच येते. म्हणून बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/१०००, उडत्याला १/१६०० ते १/२५००, आणि चालत्या वाघाला किंवा गव्याला १/५०० पुरतो.

माझी सुचवलेली मांडणी सोपी आहे. मॅन्युअल मोड, शटर स्पीड वर दिल्याप्रमाणे, अॅपर्चर लेन्सवर जास्तीत जास्त उघडं किंवा उजेड भरपूर असेल तर एफ/८, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ऑटो. पहाटे आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर गेला तर जाऊ द्या. फोटोतले दाणे आजच्या सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात, हललेला फोटो सरळ होत नाही. आयएसओला घाबरून १/१२५ वर फोटो काढणारे लोक मला सफारीत दर वेळी भेटतात.

फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर ठेवा: कॅननवर एआय सर्व्हो किंवा सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर ती चालू करा आणि निश्चिंत व्हा. जुन्या डीएसएलआरवर बसलेल्या पक्ष्यासाठी मधला एक बिंदू आणि उडत्यासाठी छोटा गट वापरा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा पुढचं गवत पकडतो.

एक्स्पोजरमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवा. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा त्याला जळका पांढरा करतो, कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) उणे एक करा. उजळ आभाळासमोर घार असेल तर तिचा काळा ठिपका होतो, अधिक एक करा.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणारा जोड, लगेच विकत घेऊ नका. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, एफ/६.३ चा एफ/९ होतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस तिथे डळमळतो.

गच्चीवरचा सराव

पहिल्या सफारीच्या जीपमध्ये बसून शिकायला जाऊ नका, फार महागात पडतं. गच्चीवर जा. कावळे, कबुतरं, घारी हे कुठल्याही गावात फुकट मिळतात. घार संथ गोल फिरते, तिच्यावर उडत्या पक्ष्याचा सराव होतो. ते जमलं की कबुतरं. कबुतर सरळ उडतं पण वेगाने. दुपारच्या उन्हात पाकोळ्या टिपायचा नाद लागला तर समजा की आता लेन्स हातात बसली. पाकोळी जमली तर बाकी सगळं जमतं.

लेन्सवर शंका असेल तर ती तपासायची रीतही गच्चीवरचीच. ट्रायपॉडवर लेन्स लावा, दहा-बारा मीटरवर बारीक छपाईचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, आणि लांबच्या टोकाला फोटो घ्या. अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स ठीक आहे. अक्षरं सगळीच धूसर, पण लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस केल्यावर स्वच्छ, असं डीएसएलआरवर झालं तर कॅमेऱ्यातल्या एएफ फाइन ट्यूनने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये ते जुळवून घेता येतं. एक बाजू शार्प आणि दुसरी नाही, असं वारंवार दिसलं तर मात्र वॉरंटीत असतानाच परत द्या.

आणि चंद्र. प्रत्येक जण पहिल्या रात्री चंद्राचा फोटो काढतोच, तर तो नीट काढा. ६०० मिमीवरही चंद्र सेन्सरवर जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा उमटतो, त्यामुळे चौकट भरेल अशी आशा नको. मॅन्युअल मोड, एफ/८, आयएसओ २००, शटर १/२५० ते १/५०० पासून सुरू करा. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं, रात्रीचं म्हणून शटर लांबवलं की पांढरी टिकली मिळते. कोजागरीला सगळे गच्चीवर कॅमेरे घेऊन येतात, पण पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो. विवरं बघायची तर शुक्ल अष्टमीच्या आगेमागे या. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर तिरपं ऊन पडतं आणि प्रत्येक खड्ड्याची सावली उमटते.

सूर्याच्या बाबतीत चेष्टा नको. भर दिवसा या लेन्समधून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. मिररलेस कॅमेरा टेबलावर लेन्सचं झाकण न लावता उन्हाकडे तोंड करून ठेवला तर शटरचा पडदा किंवा सेन्सर भाजतो. ग्रहणासाठी लेन्सच्या पुढे लावायचा खास सोलर फिल्टर लागतो. एक्स-रेची फिल्म किंवा उजेड कमी करणारा साधा एनडी फिल्टर चालत नाही.

हवेचा अडथळा

हा भाग सावकाश वाचा, कारण लेन्सच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष खरे हवेचे असतात.

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि लेन्स व विषय यांच्यामध्ये थरथरणारे थर तयार होतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ त्यातलंच. उघड्या डोळ्यांना शंभर मीटरवर काही जाणवत नाही, ६०० मिमीला मात्र पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात. शटर वाढवून, ट्रायपॉड लावून, लेन्स बदलून काहीही फरक पडत नाही. ओळखायची खूण अशी: ओळीने काढलेल्या दहा फोटोंमध्ये प्रत्येकात वेगळीच जागा धूसर असते.

उपाय एकच, मधली हवा कमी करा. सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर काम करा. मध्ये डबा खा, झोप काढा. पाण्यावर, माळरानावर आणि मिठागरांवर हा त्रास जास्त, जंगलाच्या सावलीत कमी. एसी लावलेल्या गाडीची काच खाली करून फोटो काढलात तर गार आणि गरम हवेचा भोवरा खिडकीतच तयार होतो. एसी बंद करा, काच उघडून गाडी बाहेरच्या तापमानावर येऊ द्या, मग लेन्स बाहेर काढा. तापलेल्या बॉनेटवरून तर फोटो काढूच नका.

हिवाळ्याच्या सकाळी धुकंही फोटो धूसर करतं. धुक्यातला फोटो सुंदर असतो, पण त्यात पिसं शोधू नयेत.

होडी आणि जीप

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभर किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला की तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, आणि कुंभारगाव, डिकसळच्या बाजूने मच्छीमारच होडीतून फिरवतात. टेलिफोटो शिकायला याहून चांगली जागा पुण्या-मुंबईच्या आसपास मला तरी माहीत नाही, कारण पक्षी मोठे आहेत आणि अंतर कह्यात असतं. रोहित दीड मीटरच्या आत-बाहेर उंच. फुल फ्रेमवर ६०० मिमीला उभ्या चौकटीत तो डोक्यापासून पायापर्यंत पंचवीस मीटरवरून मावतो, क्रॉपवर जवळपास चाळीस मीटरवरून.

होडीत ट्रायपॉड उपयोगाचा नाही. होडी हलते आणि ट्रायपॉड तिच्याबरोबर हलतो. खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, स्टॅबिलायझेशन चालू, शटर १/१२५० च्या वर. जितके खाली बसाल तितकी मागची बाजू लांब जाते आणि पार्श्वभूमी साफ होते. होडीवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की इंजिन लांबूनच बंद करा आणि शेवटचा टप्पा बांबूने जा. थवा उडवून फोटो मिळावा म्हणून होडी आत घालायला सांगणारे लोक असतात; त्यांच्यासोबत जाऊ नका. रोहित माना वर करून एका दिशेला चालू लागले की तुम्ही जास्तच जवळ आलात. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे पक्षी मात्र होडीभोवती आपणहून घिरट्या घालतात, उडत्या पक्ष्याचा सराव तिथे पोटभर होतो.

ताडोबात गणित वेगळं. तिथे अडचण धुळीची आणि सहप्रवाशांची. जीपच्या कडेवर बीनबॅग टाकून तिच्यावर लेन्स ठेवा. बीनबॅग रिकामी न्यायची आणि मुक्कामी किराणा दुकानातून मूग किंवा तांदूळ घेऊन भरायची. वाघ दिसला की सगळी जीप उभी राहते आणि हेलकावे खाते. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, बाकीच्यांना हात जोडून "दोन मिनिटं हलू नका" म्हणा, आणि शटर वाढवा. वाघ रस्त्यावरून समोर चालत येत असेल तर १५० वर झूम ठेवूनच सुरुवात करा. ६०० वर अडकलेल्या लोकांकडे वाघाच्या मिशांचे फोटो असतात, वाघाचा नसतो.

दोन दर्शनांच्या मध्ये, जीप धावत असताना, लेन्स मांडीवर उघडी ठेवू नका. सुती ओढणी किंवा उशीचं अभ्र्याचं कापड पूर्ण गुंडाळा. जंगलात लेन्स बदलायची नाही. लांब होणारी झूम प्रत्येक वेळी मागेपुढे करताना बाहेरची हवा आत ओढते, हवेबरोबर धूळही. गाड्यांच्या धुरळ्यात झूम करण्याची घाई नको. तरीही थोडी धूळ आत जातेच, आणि थोड्या धुळीने फोटोत काही दिसत नाही. लेन्समध्ये टॉर्च मारून कण मोजणं हा छंद वाईट.

सफाई: जितकी कमी तितकी बरी

सामान एवढंच: रबरी फुंकणी म्हणजे ब्लोअर, मऊ ब्रश, धुतलेलं मायक्रोफायबर कापड, लेन्स क्लीनर. दाबलेल्या हवेचा डबा नको, त्यातून थंड द्रव काचेवर उडतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार जातात. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्याला तर लेन्स देऊच नये.

क्रम महत्त्वाचा. लेन्स तोंड खाली करून ब्लोअरने फुंका. राहिलेले कण ब्रशने झटका. बोटाचा ठसा किंवा पाण्याचा डाग असेल तरच पुढे जा: क्लीनरचा एक थेंब कापडावर घ्यायचा, काचेवर कधीच नाही, कारण काचेवरचा द्रव कडेने आत उतरतो. मधून सुरू करून गोल फिरवत कडेपर्यंत या. वाळूचा एक कण राहिला आणि त्यावर कापड फिरलं तर कोटिंगवर कायमचा चरा. मागची काच पुढच्यापेक्षा जास्त जपा, तिच्यावरचा डाग फोटोत लवकर दिसतो. माउंटवरचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. कॅमेरा अधूनमधून लेन्स ओळखत नसेल तर बहुधा तेवढ्याने काम होतं.

यूव्ही फिल्टरवर फोटोग्राफरांमध्ये कायमचं भांडण आहे. माझं मत: रोज हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं, लावा, फिल्टर नको. हूड आडवं ऊन थांबवतो आणि धक्काही तोच खातो. ९५ मिमीचा स्वस्त फिल्टर दोन किलोच्या चांगल्या लेन्सची धार बोथट करतो. समुद्रकिनारी किंवा धुळीत मात्र चांगल्या प्रतीचा फिल्टर लावायला हरकत नाही. हूड उलटा लावून फोटो काढणारे पुष्कळ दिसतात. तो सरळ लावायचा असतो.

कोकणातून, गोव्यातून परत आलात की त्याच संध्याकाळी लेन्सचं अंग जरा ओलसर, नीट पिळलेल्या कापडाने पुसून मग कोरड्याने पुसा. खारा वारा रबरात आणि स्क्रूंमध्ये मीठ सोडतो. पावसात भिजली असेल तर लांब केलेली नळी आत घेण्याआधी पुसा, नाहीतर थेंब स्वतःहून आत नेऊन ठेवाल.

पावसाळा आणि बुरशी

आपल्याकडे लेन्स पडून जितक्या मरत नाहीत तितक्या कपाटात मरतात. जूनमध्ये बॅगेत ठेवली, दिवाळीत काढली, आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. त्याला फंगस लागली म्हणतात. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, अंधार आणि बंद हवा मिळाली की काचेवरच्या धुळीवर आणि बोटाच्या तेलकटपणावर बुरशी वाढते. नुसते धागे असतात तोवर दुरुस्ती करणारा ते काढतो, पण ती जुनी झाली की कोटिंग खाते आणि डाग कायमचा राहतो.

कॅमेऱ्याची बॅग ही प्रवासापुरती. तिचा फोम ओल धरून ठेवतो. चामड्याची केस तर त्याहून वाईट. लेन्स ठेवायची जागा दोन प्रकारची असू शकते.

पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या आणि ते ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. फार कोरडंही करू नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं.

नसतील तर झाकणाला रबर असलेला, हवाबंद बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. मापक काही शेकड्यांत मिळतो आणि तो नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे. रंग बदलणारी जेल घ्या: निळी ओल शोषून गुलाबी होते. गुलाबी झाली की कमी आचेवर तापवून पुन्हा वापरता येते, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं विषारी क्षार असतं, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. नारंगी रंगाची जेल मिळाली तर ती बरी. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला अजून फिरतो. त्याने ओल फारशी जात नाही आणि पिठूळ धूळ मात्र येते.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर असलेल्या कपाटात लेन्स चुकूनही ठेवू नये. त्यांची वाफ काचेवर आणि प्लास्टिकवर बसते. कॅमेऱ्याच्या पुस्तिकांमध्ये हे लिहिलेलं असतं, पण आपल्या घरी शालू आणि लेन्स एकाच लोखंडी कपाटात नांदतात.

सगळ्यात स्वस्त उपाय वापराचा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी लेन्स बाहेर काढा, झूम आणि फोकस दोन्ही रिंगा पूर्ण फिरवा, खिडकीजवळ उजेडात तासभर ठेवा. कडक उन्हात भाजत ठेवू नका.

एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आणलेली लेन्स क्षणात घामेजते. पुसत बसू नका, पुसाल तेवढी पुन्हा येईल. बाहेर निघण्याआधी अर्धा तास ती बंद बॅगेतच बाहेरच्या हवेत ठेवा, हळूहळू तापू द्या.

जुनी घेताना, पडल्यावर

एवढे पैसे घालण्याआधी भाड्याने घेऊन एक शनिवार-रविवार वापरा. मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने देणारे सहज सापडतात. बऱ्याच जणांना दोन दिवसांनी कळतं की आपल्याला ६३५ ग्रॅमची कॅनन आरएफ १००-४०० सारखी हलकी लेन्सच जास्त बाहेर काढवेल, आणि घरी राहणाऱ्या ६०० पेक्षा सोबत येणारी ४०० बरी.

जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारून पुढून बघा. एखाददुसरा धुळीचा कण चालतो. धागे, जाळी किंवा दुधी पडदा दिसला तर किंमत कितीही कमी असो, नको. दोन्ही रिंगा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्येच अडकता कामा नये. स्टॅबिलायझेशन चालू करून ऐका, बारीक घरघर ठीक, ठकठक नको. स्वतःचा कॅमेरा घेऊन जा आणि सगळ्यात लांबच्या टोकाला, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून चार फोटो काढून घरी मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फंगसची शंका आलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि लवकर दुरुस्तीला द्या. स्वतः उघडायचा प्रयत्न नको. आतले काचगट काढले की त्यांची जुळणी पुन्हा करायला यंत्र लागतं. पडली असेल तर आधी माउंट बघा. ते वाकलं असेल तर कॅमेऱ्याला लावूच नका, कॅमेऱ्याचं माउंटही बिघडेल. वरवर काही दिसत नसेल तरी वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा करा. दुरुस्तीला देताना हूड, दोन्ही झाकणं, कॉलर आणि फिल्टर घरी काढून ठेवा, लेन्सचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि पुढच्या-मागच्या काचेचे फोटो काउंटरवरच काढा.